योबेल वर्षाचा हिशेब

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त कुर्डुवाडी येथें भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं वक्त्यानें काय बोलावें याविषयीं एक रूढ परिपाठ आहे. पूर्वजांची श्रद्धा, मंदिराची उभारणी, वेळोवेळीं येऊन गेलेले धर्मगुरु आणि देणगीदारांचे आभार, इतकें झालें म्हणजे श्रोते टाळ्या वाजवितात व भोजनाकडे वळतात. हें सर्व आमच्या आधींच्या वक्त्यांनीं आमच्यापेक्षां पुष्कळ चांगलें केलें आहे. आम्हांस मात्र व्यवस्थापक मंडळीनें निराळेंच काम सोंपविलें आहे. गेल्या योबेल वर्षांत आपण सामाजिक न्यायाच्या वाटेनें किती पावलें चाललों याचा ताळा आम्हीं सभेपुढें ठेवावा, अशी त्यांची इच्छा आहे. जन्मभर रेल्वेच्या कचेरींत मालाचा हिशेब लिहिला म्हणूनच हें काम आमच्याकडे आलें असावें. परंतु मालडब्यांचा हिशेब निराळा आणि माणसांचा निराळा. पहिल्यांत चूक सांपडली कीं कारकुनाला समाधान वाटतें. दुसऱ्यांत सांपडलेली चूक बहुधा त्याची स्वतःचीच असते. आज आम्हांस अशी एक चूक सांगावयाची आहे, आणि ती सांगण्यापूर्वीं थोडी प्रस्तावना करण्याची परवानगी असावी.

आपण ज्याला महोत्सव म्हणतों त्याचें पवित्र शास्त्रांतील नांव योबेल. लेवीय पुस्तकाच्या २५ व्या अध्यायांत त्याचा विधि सांगितला आहे. सात वेळां सात वर्षें लोटलीं म्हणजे पन्नासाव्या वर्षीं देशभर शिंग फुंकावें. गरिबीमुळें ज्यानें वाडवडिलांची जमीन विकली असेल त्याला ती परत मिळावी. ज्यानें स्वतःलाच विकून घेतलें असेल त्यानें मोकळें होऊन आपल्या कुळांत जावें. हा अध्याय आम्हीं गेल्या वर्षीं पुनः पुनः वाचला. मिरवणूक, पताका, मेजवानी यांचें वर्णन त्यांत कोठेंही नाहीं. आहे तें शुद्ध गणित. पुढच्या योबेलास जितकीं वर्षें उरलीं असतील तितक्या पिकांचीच किंमत घेणाऱ्यानें द्यावी व विकणाऱ्यानें मागावी, असा तो हिशेब आहे. परमेश्वर आपल्या प्रजेला प्रथम त्रैराशिक शिकवितो हें पाहून आमच्यासारख्या हिशेबनिसास आनंद झाला नसता तरच नवल.

ख्रिस्तसभेनें ही प्रथा इ. स. १३०० मध्यें आठव्या बोनिफेसच्या काळीं स्वीकारली. आतांचें योबेल वर्ष पोप फ्रान्सिस यांनीं २४ डिसेंबर २०२४ रोजीं संत पेत्राच्या मंदिराचें पवित्र द्वार उघडून सुरू केलें. तें पुरें होईतों ते राहिले नाहींत. २१ एप्रिल २०२५ रोजीं, पास्काच्या दुसऱ्या दिवशीं, त्यांचें देहावसान झालें. ८ मे रोजीं निवडल्या गेलेल्या पोपमहाराजांनीं लिओ हें नांव घेतलें आणि दोनच दिवसांनीं कार्डिनल मंडळीसमोर त्याचें कारणही सांगितलें: तेराव्या लिओंनीं १८९१ सालीं ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकांत मजुरांच्या प्रश्नाला हात घातला होता, तो प्रश्न आजही आपल्यापुढें उभा आहे. त्यांनींच ६ जानेवारी २०२६ रोजीं पवित्र द्वार बंद केलें. या वर्षाच्या घोषणापत्रांत पोप फ्रान्सिस यांनीं धनाढ्य राष्ट्रांस गरीब राष्ट्रांचें कर्ज सोडून देण्याची विनंती केली होती. तें वाचून आम्ही मनांत म्हणालों, हा राष्ट्राराष्ट्रांमधला मामला. कुर्डुवाडीच्या माणसाचा त्याच्याशीं काय संबंध?

वास्तविक कुर्डुवाडीकरास तरी असें म्हणण्याचा अधिकार नाहीं. हें गांव वाढलें तेंच मुळीं एकाचें ओझें दुसऱ्याकडे देण्याच्या जागेवर. १८९७ सालीं बार्शी लाईट रेल्वेची अडीच फुटी गाडी येथून बार्शीस जाऊं लागली. पुढें १९०६ सालीं पंढरपूर, १९११ सालीं लातूर आणि १९२७ सालीं मिरज तिनें गांठलें. त्या काळीं आपल्या स्टेशनाचें नांवही बार्शी रोड असें होतें. मोठ्या रुळावरून आलेलें प्रत्येक पोतें लहान गाडींत आणि लहान गाडींतलें मोठ्या गाडींत हमालाच्या पाठीवरूनच जाई. ती गाडी बांधणाऱ्या कॅलथ्रॉप साहेबांच्या कौशल्याची वाखाणणी इंग्रजी पुस्तकांतून आढळते. पाठींचा उल्लेख आमच्या वाचनांत आला नाहीं. १ जानेवारी १९५४ रोजीं कंपनी जाऊन सरकार आलें, आणि या शतकाच्या पहिल्या दहा-अकरा वर्षांत लहान रूळही गेला. आतां माल उतरवून चढवावा लागत नाहीं. ओझें मात्र या भागांतून गेलें नाहीं; तें फडांत गेलें.

उजनी धरणाचें पाणी आल्यापासून माढा तालुक्याचें रूप पालटलें हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. जेथें ज्वारी होती तेथें ऊंस आला, उंसामागें कारखाने आले, आणि कारखान्यांमागें दर दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना, परभणीकडील माणसें येऊं लागलीं. गावाबाहेरच्या माळावर पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोपी उभ्या राहतात, बैल बांधले जातात, पहांटे तीन-चार वाजतां चुली पेटतात. आपण गाडींतून जातांना हें दृश्य पाहतों, वाढ्यांच्या मोळ्या लादलेल्या टायरगाडीमागें आपली मोटार अडकली तर चडफडतों, आणि पुढें जातों. अशीं किती वर्षें आपण पुढें गेलों याची गणती नाहीं.

जानेवारी २०२५ मधील दुसऱ्या रविवारीं मिस्सा आटोपल्यावर आम्ही सुमारें वीस जण अशा एका तळावर गेलों. योबेल वर्ष नुकतेंच सुरू झालें होतें. कांहीं तरी केलें पाहिजे असें सर्वांस वाटत होतें. बरोबर घोंगड्या, जुने कपडे, मुलांसाठीं खाऊ. वाटप झालें, छायाचित्रें झालीं. निघणार इतक्यांत एका कोपीसमोर बसलेल्या म्हाताऱ्या बाईनें आम्हांस थांबविलें. तिच्या मांडीवर नातू निजला होता. ती म्हणाली, ‘दादा, पांघरूण द्याया आला, देवानं तुमचं भलं करावं. पर तुमच्यात कुणाला लिवतां-वाचतां येतं का? ह्या पावत्या दोन महिनं झालं डब्यात पडल्यात. किती टन झालं अन् किती फिटली, येवढं सांगून जावा.’

बंधुभगिनींनो, आमच्यांत निवृत्त कारकून चार होते, शिक्षक दोन, एक बँकेंतून निवृत्त झालेले. घोंगड्या वाटण्यास आम्ही सर्व पुढें. पण जें काम आम्हांस खरोखर येत होतें तें करण्याचें आमच्यापैकीं एकासही सुचलें नव्हतें. तें सुचावें लागलें अक्षरओळख नसलेल्या त्या बाईला. मागाहून आम्हांस पॅरिसच्या ओझानाम महाशयांचें स्मरण झालें. १८३३ सालीं त्यांनीं संत व्हिन्सेंट दि पॉल यांच्या नांवानें मंडळ स्थापिलें आणि विद्यार्थ्यांना गरिबांच्या घरीं धाडलें, तें नुसतें देण्यासाठीं नव्हे, तर ऐकण्यासाठीं. त्या दिवशीं आम्हीं दिलें बरेंच. ऐकावयास शेवटच्या पांच मिनिटांत बसलों.

‘किती फिटली’ म्हणजे काय हें ज्या तरुण श्रोत्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं सांगतों. पावसाळ्यांत घरांत दाणा नसतो, मुलीचें लग्न किंवा आजारपण दाराशीं आलेलें असतें, तेव्हां मुकादम जोडप्यास आगाऊ रक्कम देतो. हीच उचल. ती पन्नास हजारांपासून लाखाच्या वरपर्यंत असते. तिच्या बदल्यांत नवराबायकोनें पुढचा सारा हंगाम त्या मुकादमाच्या टोळींत ऊंस तोडावयाचा, आणि तोडलेल्या टनांच्या मजुरींतून उचल वळती व्हावयाची. या दोघांना मिळून एक ‘कोयता’ म्हणतात. एकटें माणूस आलें तर ‘अर्धा कोयता’. हत्याराचें नांव माणसाला लागलें, आणि दोन माणसांची मोजणी एक अशी झाली. बाईची मजुरी कोणत्या रकान्यांत आहे असें आम्हीं विचारलें तेव्हां टोळींतल्या माणसांना प्रश्नच कळला नाहीं. एक दिवस कामावर गेलें नाहीं तर ‘खाडा’ पडतो आणि त्याचा दंडही वहींत चढतो. हंगाम संपतांना टन कमी पडले तर राहिलेली बाकी पुढील वर्षाच्या माथीं बसते, आणि त्याच टोळींत पुनः यावें लागतें.

या खाड्याचें मोल केवढें असतें याचा एक पुरावा सरकारच्या दप्तरांतच आहे. २०१९ सालीं राज्य सरकारनें नेमलेल्या समितीनें बीड जिल्ह्यांतील ऊंसतोड करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी केली. त्यांपैकीं १३,८६१ जणींचें गर्भाशय शस्त्रक्रियेनें काढलेलें आढळलें. डॉक्टरांचा लोभ, अज्ञान, लहान वयांतील बाळंतपणें अशीं अनेक कारणें त्यामागें होतीं. परंतु महिन्याच्या अडचणीचे दिवस आणि दुखणें हेंही खाड्यांत मोजलें जातें, हें त्यांतील एक कारण. असले आंकडे महोत्सवाच्या सभेंत वाचावे कीं नाहींत याचा आम्हीं विचार केला. लेवीय पुस्तकाचा लेखक कचरला नसता असें वाटून वाचले.

कायदा आहे. कर्जापायीं माणसाला कामास बांधून ठेवण्याची पद्धत १९७६ च्या कायद्यानें रद्द झाली आहे. पण उचलीला कोणी कर्ज म्हणत नाहीं. ती आगाऊ मजुरी. नांव बदललें कीं कायदा बाजूनें निघून जातो. तसेंच, जानेवारी २०२४ मध्यें साखर कारखान्यांचा संघ आणि मजुरांच्या संघटना यांच्यांत करार होऊन तोडणीच्या दरांत ३४ टक्के वाढ ठरली. ही लहान गोष्ट नव्हे, आणि ती मजुरांच्या संघटनांनीं संप करून मिळविली, आमच्यासारख्यांच्या घोंगड्यांनीं नव्हे. परंतु करारांत वाढलेला दर आपल्या वहींत उतरला कीं नाहीं हें पाहण्यास वाचतां यावें लागतें.

म्हणून पुढच्या रविवारपासून घोंगड्या बंद केल्या आणि कंदील, चष्मे व कोऱ्या वह्या घेऊन जाऊं लागलों. सायंकाळीं टोळी फडांतून परतली कीं एकेक जोडपें पावत्यांचा डबा घेऊन येई. तारीख, टन, दर, वजावट, बाकी असे पांच रकाने. हंगाम त्या वर्षीं लवकर आटोपला. तरी तेवढ्यांत एकोणीस जोडप्यांच्या वह्या तयार झाल्या. तीन ठिकाणीं पावतींतलें वजन मुकादमाच्या वहींत चढलेलें नव्हतें. दोन ठिकाणीं मुकादमानें चूक मान्य करून आंकडे सुधारले, आणि हें आम्ही मोकळ्या मनानें सांगतों कीं तोही कांहीं राक्षस नव्हता. त्यानेंही वरून उचल घेतली होती, आणि त्याचीही दोन माणसें पैसे घेऊन पळालेलीं होतीं.

तिसऱ्या ठिकाणीं काय झालें तें सांगणें आम्हांस जड जातें. त्या तरुण जोडप्यानें आमची वही हातांत घेऊन सर्वांसमक्ष हिशेब मागितला. शब्दानें शब्द वाढला. पुढच्या रविवारीं आम्ही गेलों तेव्हां त्यांची कोपी मोडलेली होती. रातोरात त्यांना दुसऱ्या तळावर हलविलें, इतकेंच कळलें. कोठें, तें कोणी सांगेना. आमच्यापैकीं एकानें पोलिसांत जावें असें म्हटलें, दुसऱ्यानें तसें केल्यास उरलेल्या टोळीचें हाल होतील असें म्हटलें, आणि या वादांत तीन दिवस गेले. आम्ही घरीं सुखरूप होतों. धाडस आमचें, त्याची किंमत त्यांची. यापुढें वही लिहून देण्यापूर्वीं ती कोणाला, केव्हां व कोणाच्या देखत दाखवावयाची हें ज्याचें त्यानें ठरवावें, असा नियम आम्हीं केला. पण तो नियम त्या जोडप्याच्या उपयोगीं पडला नाहीं.

आतां ती चूक. उपवासकाळांतील एका रात्रीं या वह्यांची बेरीज आम्ही घरीं करीत बसलों होतों. आमचें कुटुंब भाजी निवडीत बाजूला बसलें होतें. उचलीचा प्रकार आम्हीं त्यांना मोठ्या आवेशानें समजावून सांगितला. पैसे आगाऊ द्यावयाचे, मजुरींतून कापावयाचे, आणि जोंवर बाकी आहे तोंवर माणसानें तोंड उघडावयाचें नाहीं, केवढा हा अन्याय! त्यांनीं सर्व ऐकून घेतलें आणि शांतपणें म्हणाल्या, ‘मग आपली ती निळी वही पण आणा.’

निळी वही आमच्या कपाटांत होती. आमच्या घरीं भांडीं घासण्यास व फरशी पुसण्यास एक बाई अकरा वर्षें येतात. सहा वर्षांपूर्वीं त्यांच्या मुलीच्या लग्नाकरितां आम्हीं त्यांना चाळीस हजार रुपये दिले. व्याज घेतलें नाहीं, याचा आम्हांस अभिमानही होता. दरमहा पांचशें रुपये पगारांतून कापून तें आम्ही सुवाच्य अक्षरांत मांडीत होतों. त्या सहा वर्षांत त्यांचा पगार एकदांही वाढला नाहीं. त्यांनीं मागितला नाहीं, आणि आम्हीं दिला नाहीं. ज्याचें देणें आहे त्यानें वाढ कशी मागावी? आठवड्याची सुटी नव्हती. आजारपणाचे दिवस आमच्या वहींत ‘गैरहजर’ म्हणून लाल शाईनें लिहिलेले होते. तळावर ज्याला खाडा म्हणतात तोच हा. मुकादमाची वही आम्हीं आठ रविवार मोठ्यानें वाचली. तशीच वही स्वतःच्या हातानें लिहितांना मात्र आमच्या ध्यानांत आलें नाहीं.

मजुराची मजुरी बुडविणें हें स्वर्गाकडे हांक मारणाऱ्या पातकांपैकीं एक, असें आपण धर्मशिक्षणांत पाठ केलें आहे. बुडविणें म्हणजे कोणी दरोडेखोर पैसे घेऊन पळतो असें आम्हांस वाटे. संत याकोबाच्या पत्रांत शेतांत कापणी केलेल्यांची मजुरी ओरडते असें जें म्हटलें आहे, तें शेतें ज्यांच्याजवळ आहेत त्यांना उद्देशून आहे, असेंही वाटे.

दुसऱ्या दिवशीं त्या बाईंना बोलावून आम्हीं उरलेल्या बाकीवर रेघ मारली आणि पुढील महिन्यापासूनचा पगार सांगितला. आमची अपेक्षा अशी कीं त्यांना आनंद होईल. त्यांचा चेहरा उतरला. त्या आमच्या कुटुंबाकडे वळून म्हणाल्या, ‘काकू, मला कामावरून काढताय का?’ अकरा वर्षांत आमच्या घरच्या व्यवहारानें त्यांच्या मनांत जो विश्वास निर्माण केला होता, त्याचें मोजमाप या एका वाक्यांत झालें. त्यांची समजूत पटण्यास पंधरा दिवस लागले. आतां रविवारीं त्या येत नाहींत. भांडीं आम्ही घासतों, आणि वाईट घासतों असें घरचें मत आहे.

घरकाम करणाऱ्यांसाठीं महाराष्ट्रांत २००८ सालीं कल्याण मंडळाचा कायदा झाला. २९ जानेवारी २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें केंद्र सरकारास अशा कामगारांच्या संरक्षणासाठीं कायद्याचा विचार करण्याकरितां समिती नेमण्यास सांगितलें. समित्यांचें काम समित्या करतील. आपल्या धर्मग्रामांत पुष्कळ घरीं बाई येते आणि पुष्कळ घरीं अशी निळी वही आहे. उलट आपल्यांतील कित्येक भगिनी दुसऱ्यांच्या घरीं हेंच काम करतात. त्या या सभेंत बसल्या आहेत, आणि आम्ही काय बोलतों तें आमच्यापेक्षां अधिक जाणतात. या वर्षांत किती घरांनीं वहीवर रेघ मारली? बोटांवर मोजण्याइतक्या. पुढचा प्रश्न आम्हीं कोणास विचारला नाहीं, कारण अहवाल वाचणाऱ्यानें उलटतपासणी करूं नये.

सप्टेंबर २०२५ मध्यें सीनेला महापूर आला. माढा तालुक्याची तीरावरील गांवें पाण्यांत गेलीं, उभा ऊंस झोपला, जनावरें वाहून गेलीं. त्या दिवसांत आपल्या तरुणांनीं जें केलें त्याचा वृत्तांत या पुस्तिकेंत अन्यत्र येईलच. आम्हांस एवढेंच नोंदवावयाचें आहे कीं पिकाचा पंचनामा सात-बाऱ्यावरून होतो, आणि ज्याच्या नांवानें सात-बारा नाहीं त्याच्या बुडालेल्या मजुरीचा रकाना त्या कागदांत नाहीं. पुराच्या आधीं ज्या माणसांनीं यंदा उचल घ्यावयाची नाहीं असें ठरविलें होतें, त्यांतल्या दोघांनीं दसऱ्यापूर्वींच घेतली. योबेलाचें शिंग फुंकलें जात असतां नवीं बंधनें अशीं बांधलीं जातात.

कर्जाबद्दल इतकें बोलल्यावर द्वाराबद्दल थोडें बोललें पाहिजे, कारण योबेलांत दोन्ही आहेत. आपल्या स्टेशनावर गाडी बदलून असंख्य वारकरी पंढरपुरास गेले. तेथल्या विठ्ठलमंदिराचें दार अस्पृश्य मानलेल्या बांधवांस बंद होतें. तें उघडावें म्हणून साने गुरुजींनीं १ मे १९४७ रोजीं उपोषण आरंभिलें, आणि १० मे रोजीं दार उघडण्याचें ठरल्यावर तें सुटलें. दुसऱ्याच्या दाराची ही कथा आपण आवडीनें सांगतों. आपल्या दाराचें काय? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानें अनुसूचित जातींचे अधिकार ख्रिस्ती झालेल्यांना मिळत नाहींत. शीख बांधवांस ते १९५६ सालीं व बौद्ध बांधवांस १९९० सालीं मिळाले. यावर विचार करण्यास ऑक्टोबर २०२२ मध्यें न्यायमूर्ति बाळकृष्णन आयोग नेमला गेला. सरकारास आपण हा प्रश्न अवश्य विचारावा. परंतु भारतांतील बिशप महाशयांनीं डिसेंबर २०१६ मध्यें दलित ख्रिस्ती बांधवांविषयींचें धोरण जाहीर करतांना ख्रिस्तसभेच्या आंत भेदभाव आहे हें स्वतःच कबूल केलें, हेंही त्याच श्वासांत सांगावें. रेल्वेबरोबर आलेला गोवेकर, दक्षिणेकडून आलेला तमिळ, नगर जिल्ह्यांतून आलेला मराठी, सर्व एकाच वेदीसमोर गुडघे टेकतात. सोयरीक जुळवितांना मात्र आम्ही महाराष्ट्रांतले ख्रिस्ती हळूच ‘मूळचे कुठले?’ असें विचारतों, आणि त्या प्रश्नांत गांवाचें नांव अपेक्षित नसतें. या एका बाबतींत गेल्या वर्षीं आपण कितपत पुढें गेलों असें विचाराल तर आमच्या रकान्यांत शून्य आहे. आम्हीं प्रयत्नच केला नाहीं, म्हणून अपयश तरी कसें म्हणावें?

१ नोव्हेंबर २०२५ पासून नवा हंगाम सुरू झाला आणि तळ पुनः भरला. ती म्हातारी बाई आली नाहीं. गुडघ्यांनीं तिला गांवींच ठेवलें. तिचा मुलगा व सून आले आहेत, आणि सून पावतीवरील टनांचा आंकडा ओळखूं लागली आहे. नातू कांहीं दिवस जवळच्या शाळेंत बसला, मग टोळी दुसऱ्या फडाकडे सरकली आणि त्याची शाळा सुटली. नोव्हेंबरच्या अखेरीस, एका रविवारीं अंधार पडल्यावर, एक तरुण सायकलीवरून आला. गेल्या वर्षीं ज्याची कोपी रातोरात मोडली तोच हा. तो शेजारच्या तालुक्यांत दुसऱ्या टोळींत आहे. आमच्यावर रागावला असेल असें वाटून आम्ही गप्प बसलों. त्यानें एवढेंच विचारलें, ‘माझी वही ऱ्हायली का तुमच्याकडं?’ राहिली होती. ती त्यानें शर्टांत घातली. जुनी बाकी अजून फिटलेली नाहीं, पण किती आहे हें आतां त्याला स्वतःला ठाऊक पाहिजे, असें तो म्हणाला. चहा घेण्यास थांबला नाहीं.

हा वर्षाचा ताळा. जमेस काय आणि खर्चीं काय, ही विभागणी श्रोत्यांनीं करावी. व्यवस्थापक मंडळीच्या आज्ञेवरून दोन सूचना मात्र करतों. रविवारीं सायंकाळीं वह्या लिहिण्यास आम्ही चौघे अपुरे पडतों. ज्यांना वजावटीचें गणित येतें अशा दोघांची गरज आहे. आणि त्यांत एक तरी भगिनी असावी, कारण दवाखान्याच्या खर्चाची वजावट कशाबद्दल झाली हें तळावरील बायका आमच्यासारख्या म्हाताऱ्यांस सांगत नाहींत. निघण्याची वेळ साडेपांच. चष्मा विसरूं नये. इतकें बोलून आम्ही आपली रजा घेतों.